झाडीपट्टीतील फिरते बिऱ्हाड

प्रवासास ऋतू कोणता उत्तम, या प्रश्नाचे उत्तर आपल्या पूर्वजांनी फार पूर्वीच देऊन ठेविले आहे. कालिदासाचा रघू दिग्विजयास निघतो तो शरदात. कारण तेव्हा नद्यांचे पाणी उतरते व वाटांवरील चिखल वाळतो. आषाढीची वारी हा एक थोर अपवाद सोडला, तर लग्नाची वऱ्हाडे, लमाणांचे तांडे आणि सरकारी अंमलदारांचे दौरे ही सर्व पावसाळा सरल्यावरच हालत असत. जुन्या मध्यप्रांतात तर इंग्रज अंमलदार हिवाळ्याचे कित्येक आठवडे राहुटीतच काढीत. दप्तराच्या पेट्या, भांडीकुंडी व खाटा बैलगाड्यांवर लादून सारी कचेरीच गावोगाव फिरे. तेव्हा घर चाकांवर घालून थंडीत हिंडावे ही कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नाही; नवे आहे ते केवळ इंजिन.

हा विषय निघण्याचे कारण असे की, आमचा मुलगा गेली कित्येक वर्षे नॉर्वे देशाच्या उत्तर टोकास, ट्रोम्सो या नगरात नोकरीस आहे. तेथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. अशा दिवसांत तेथील हौशी लोक एका मोठ्या गाडीत बिछाना, चूल, पाण्याची टाकी व ऊब देणारे यंत्र बसवून बर्फाळ रस्त्यांनी हिंडतात आणि रात्री आकाशातील ध्रुवप्रकाश पाहतात. या गाडीस कॅम्परव्हॅन असे नाव आहे. मुलाने पत्रांतून कळविलेले तिचे तपशील मोठे मनोरंजक आहेत. पारा शून्याखाली गेला की गॅसच्या टाकीतील ब्यूटेन वायुरूप होईनासा होतो, म्हणून तेथे प्रोपेनच भरून घ्यावा लागतो. पाण्याच्या नळ्या गाडीच्या आतून न्याव्या लागतात, नाही तर त्या गोठून फुटतात. चाकांच्या रबरात बारीक खिळे बसविलेले असतात. आणि इतक्या कडाक्यातही एक झरोका उघडा ठेवावाच लागतो. कारण निजलेल्या माणसांच्या श्वासातील बाष्प आतल्या पत्र्यावर जमून गोठते.

त्याच्या पत्रातील एक गोष्ट मात्र आमच्या मनात घर करून राहिली. नॉर्वेत १९५७ सालच्या कायद्याने कोणासही मोकळ्या रानात हिंडण्याचा व तंबू ठोकून राहण्याचा हक्क दिला आहे. अट एवढीच की, वस्ती असलेल्या घरापासून निदान १५० मीटर दूर राहावे, आणि मालकाच्या परवानगीवाचून दोन रात्रींहून अधिक राहू नये. हा हक्क मुळात पायी भटकणाऱ्यांचा आहे व गाड्यांस तो जसाच्या तसा लागू नाही. तथापि समंजस गाडीवाले तेच अंतर पाळतात. दुसऱ्याच्या एकांतास धक्का न लावण्याची ही रीत सभ्यपणाची आहे यात संशय नाही.

या पत्रांच्या शेवटी अलीकडे एक वाक्य नेमाने येऊ लागले होते: ‘आता नागपूरचे घर विकावे आणि आपण उभयतांनी कायमचे इकडे यावे.’ मुलाचा आग्रह प्रेमाचा होता. आमचे गुडघे व आमच्या कुटुंबाची दृष्टी ही दोन्ही वयाचा हिशेब सांगू लागली आहेत, हेही खरे. उत्तर देण्यापूर्वी आम्ही ठरविले की, फिरत्या घरातील हिवाळा म्हणजे काय हे आपल्याच मुलखात एकदा अनुभवावे. आमच्या भाच्याजवळ एक जुनी व्हॅन होती. तिची मागील आसने काढवून ओळखीच्या सुताराकडून फळ्यांची बाज, तिच्याखाली डबे ठेवण्याचे खण व दारालगत शेगडीपुरता ओटा करून घेतला. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली अशा पर्यटनाविषयी धोरणही जाहीर केले असल्यामुळे, आम्ही काही वेडेपणा करीत नाही असे शेजाऱ्यांस सांगण्यास आधार मिळाला. मार्गशीर्ष संपता संपता, धुंधुरमासाच्या ऐन भरात, आम्ही उभयता व भाचा असे तिघे नागपुराहून निघालो. आम्ही दोघांनी गाडीत व भाच्याने जेथे जागा मिळेल तेथे निजावे, असा करार होता.

नागपुराहून चंद्रपूर सुमारे १५० किलोमीटर. वाटेत वरोऱ्यास बाबा आमट्यांचे आनंदवन आणि पुढे प्राचीन अवशेषांची भद्रावती लागते. ज्यांनी जुना भूगोल घोकला आहे त्यांच्या तोंडी अद्यापि ‘चांदा’ हेच नाव येते. गोंड राजांचा परकोट व त्याच्या जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर या चार वेशी अजून उभ्या आहेत. राणी हिराईने पतीच्या स्मरणार्थ बांधविलेली समाधीही पाहण्यासारखी आहे. मात्र गावाच्या क्षितिजावर सत्ता आहे ती औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यांची. त्याची स्थापित शक्ती २९२० मेगावॅट असून पाणी इरई धरणाचे व कोळसा आसपासच्या खाणींचा. येथील वीज १९९९ पासून उच्च दाबाच्या एका स्वतंत्र वाहिनीने थेट मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत जाते. मुंबईच्या घरात पाणी तापविणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल की, ती ऊब झाडीपट्टीच्या पोटातून निघालेली आहे!

चंद्रपुराहून आम्ही ताडोबाच्या दक्षिण अंगास मोहर्लीकडे वळलो. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली स्थापन झाले व महाराष्ट्रातील अशा उद्यानांत ते सर्वांत जुने होय. तारू नावाचा एक गावप्रमुख वाघाशी झुंजता झुंजता पडला व त्याच्या नावावरून सरोवरास ताडोबा म्हणू लागले, अशी कथा आहे; सरोवराच्या काठी त्याचे ठाणे असून तेथे पौषात आदिवासींची जत्रा भरत असे. आत जावयाचे ते नोंदविलेल्या वाहनातून, वाटाड्यासह व ठरल्या वेळी. आपली गाडी बाहेरच ठेवावी लागते. अभयारण्यात परवानगीवाचून पाऊल ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि राखीव रानातील मुक्कामासही वनखात्याची अनुज्ञा लागते. तेव्हा दिसली रम्य जागा की लावली गाडी, ही उत्तरेकडील चैन येथे नाही. आणि कायदा नसता तरी वाघ आहेच. या जिल्ह्यात दर वर्षी वाघाच्या हल्ल्यात माणसे दगावतात, आणि ती बहुधा सफरीस आलेली नसतात. सरपण, मोहफुले किंवा तेंदूची पाने वेचणारी, गुरे राखणारी अथवा शेतात वाकलेली असतात.

मोहर्लीच्या परिसरातील एका वाटाड्याने आपल्या अंगणात आम्हांस जागा दिली. गाडी कोठे लावावी हेही त्यानेच दाखविले: घर व गोठा यांच्या मधोमध, दिव्याच्या उजेडात, दार घराकडे करून. अंधार पडताच अंगणात शेकोटी पेटली आणि आजूबाजूची पाचसहा माणसे आपापले पाट, पोती घेऊन तीभोवती बसली. वाटाड्याची वृद्ध आई आमची बाज, पडदे, डबे हे सारे हात लावून पाहून आली व म्हणाली, “मास्तर, गाडीत कायले झोपता? घर हाय न!” तिच्या घराच्या दोन खोल्यांत सात माणसे निजत होती. आम्ही कशीबशी तिची समजूत घातली. तरी तिने एक घोंगडी आमच्या बाजेवर आणून टाकलीच. त्या रात्री आम्हांस प्रथम जाणवले की, मुलाच्या देशात कायदा प्रवाशास म्हणतो, ‘घरांपासून दूर राहा’. आणि येथे वाघ म्हणतो, ‘घरांजवळ राहा.’ पुढील सर्व मुक्काम आम्ही याच दृष्टीने पाहू लागलो.

मूल गाव मागे टाकून वैनगंगेचा पूल ओलांडला की आपण गडचिरोली जिल्ह्यात येतो. पूर्वी हा सर्व मुलूख चांदा जिल्ह्यातच मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोलीचा स्वतंत्र जिल्हा झाला. चामोर्शीजवळ मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि नेमक्या त्याच वळणावर मार्कंडेश्वराचा देवालयसमूह आहे. अल्पायुषी मार्कंडेयाने शिवलिंगास मिठी मारून यमपाश चुकविला, ती पुराणकथा वाचकांस सांगणे नलगे. पुरातत्त्वसंशोधक कनिंगहॅम यांनी आपल्या १८७३ ते १८७५ या वर्षांतील मध्यप्रांताच्या दौऱ्यांच्या वृत्तांतात या देवळांचे वर्णन केले आहे. तेही फिरते बिऱ्हाड घेऊनच हिंडणारे. भिंतींवर ओळींमागून ओळी अशी शिल्पे आहेत. वीज कोसळून झालेल्या जुन्या पडझडीच्या खुणाही तेथे दाखवितात. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा मात्र चारदोन भाविक, एक नावाडी व नदीचे विस्तीर्ण वाळवंट एवढेच होते.

मार्कंड्यास आम्ही देवळाजवळच्या वस्तीत, एका किराणा दुकानदाराच्या परवानगीने त्याच्या पडवीलगत गाडी लावली. पहाटे आमच्या बरोबरच्या तापमापकात पारा ९ अंशांवर होता. ट्रोम्सोच्या मानाने ही थंडी म्हणजे बालिशपणाच. पण पत्र्याच्या गाडीत निजणाऱ्या साठीच्या माणसास ती पुरेशी वाटते. आमच्या कुटुंबाने सूर्योदयापूर्वीच उठून, धुंधुरमासाच्या रिवाजाप्रमाणे मुगाच्या डाळीची खिचडी, बाजरीची भाकरी व वांग्याचे भरीत शिजविले आणि प्रथम मार्कंडेश्वरास नैवेद्य दाखविला. घरात वर्षानुवर्षे केलेल्या या व्रताचा अर्थ आम्हांस तेथे नदीकाठी कळला. रात्र मोठी, जठराग्नी प्रदीप्त, आणि सूर्य उगवण्याच्या आत पोटात तूप व बाजरी गेली की अंगात ऊब येते. धर्मशास्त्रास वैद्यकाचे बळ आहे ते असे.

उजाडता उजाडता वाळवंटावर नारिंगी रंगाची काही पाखरे दिसली. ती चक्रवाकांची जोडपी होती. संस्कृत कवींनी या पक्ष्यावर विरहाचे ओझे लादले आहे. दिवसा एकत्र व रात्री नदीच्या दोन तीरांवर, असा त्यांचा संकेत. प्रत्यक्षात हे पाहुणे लडाख, तिबेट व मध्य आशियातील थंड प्रदेशांतून हिवाळ्यासाठी आपल्या नद्यांवर उतरतात आणि उन्हाळा लागण्यापूर्वी परत जातात. आमचे कुटुंब बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होते. मग ते म्हणाले, “अहो, या पाखरांना दर वर्षी माघारी जाता येते. आपण एकदा घर विकून गेलो, म्हणजे कोणत्या वाळवंटावर उतरायचे?” या प्रश्नास आम्ही त्या वेळी उत्तर दिले नाही. नदीवरील धुके विरेपर्यंत आम्ही दोघेही गप्प होतो.

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या वाटेवर डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचे शोधग्राम आहे. थंडीविषयी लिहिताना या संस्थेचा उल्लेख टाळता येणार नाही. कारण आमच्यासारख्या हौशी प्रवाशास जी थंडी गुलाबी वाटते ती नवजात अर्भकास मारक ठरते. जन्मतः ओले व कमी वजनाचे मूल आपली ऊब आपण राखू शकत नाही. खोलीतील हवा फार गार नसली तरी त्याचे अंग थंड पडत जाते. या संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात खेड्यांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून, घरच्या घरी नवजाताची काळजी घेण्याचा प्रयोग केला. मूल कोरडे करणे, नीट गुंडाळणे, आईच्या अंगाशी ठेवणे, लवकर पाजणे, वजन व ताप पाहणे, श्वासोच्छ्वास मोजणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच उपचार करणे, अशा या गोष्टी होत्या. तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजातांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हा वृत्तांत डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला व पुढे भारत सरकारने २०११ साली आशा कार्यकर्तींच्या द्वारे ही पद्धत देशभर स्वीकारली. येथेही गुरुकिल्ली तीच: कोणी तरी दुसऱ्याच्या दाराशी जावे, आत यावे, मुलाच्या अंगास हात लावून पाहावा. १५० मीटरवरून हे काम होत नाही.

आलेल्या वाटेने चामोर्शी, पुढे आष्टी व तेथून आलापल्ली असा आमचा पुढील प्रवास झाला. या रस्त्याने सुरजागडच्या खाणीतील लोहखनिजाचे प्रचंड ट्रक चालतात, म्हणून दिवस मावळल्यावर गाडी हाकावयाची नाही हा नियम आम्ही कसोशीने पाळला. शिवाय २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप या जिल्ह्यात उतरल्यापासून रात्रीच्या वाटेला आणखी एक धास्ती जोडली गेली आहे. आलापल्लीचा साग प्रसिद्ध आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली जे सागवान गेले ते याच वनपट्ट्यातील. भामरागडच्या वाटेवर वनखात्याने रानाचा एक तुकडा कुऱ्हाड न लावता राखून ठेविला असून त्यास ‘वनवैभव’ म्हणतात. मान मोडेपर्यंत वर पाहावे तेव्हा शेंडा दिसावा, असे तेथील वृक्ष आहेत.

तेथून पुढे हेमलकसा. २३ डिसेंबर १९७३ रोजी, म्हणजे ऐन हिवाळ्यात, लोकबिरादरी प्रकल्पाचा येथे आरंभ झाला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला हे सर्वश्रुत आहे. पण या लेखाच्या विषयास धरून सांगावयाचे ते त्यांच्या वेशाविषयी. माडिया लोक कडाक्याच्या थंडीत जवळजवळ उघड्या अंगाने वावरतात, हे पाहून डॉ. प्रकाशरावांनी आपले अंगभर कपडे टाकले आणि अर्धी विजार व बनियन एवढाच वेश पत्करला. ज्यांच्यात राहावयाचे त्यांच्याहून अधिक ऊब आपण घेऊ नये, हा त्यातला भाव. आम्ही त्या वेळी दोन बंड्या, एक कानटोपी व मफलर अशा थाटात होतो, हे येथे सांगून टाकतो. प्रत्येकास असे व्रत झेपणार नाही. ते आहे हे ठाऊक असणे मात्र बरे.

इंद्रावती, पामुलगौतमी व पर्लकोटा यांचा संगम असलेले भामरागड जवळच आहे. पर्लकोटेच्या पुराने हे गाव पावसाळ्यात वर्षानुवर्षे जगापासून तुटत आले. हिवाळ्यात मात्र नद्या निवळशंख असतात. माडिया गावांत गोटूल असते. ते गावाच्या सभेचे, नाचगाण्याचे आणि आल्यागेल्या पाहुण्याच्या मुक्कामाचे सामाईक घर. अशाच एका गोटूलाच्या अंगणात, गावकऱ्यांस विचारून आम्ही रात्र काढली. मध्यभागी ऐनाची जाड लाकडे जळत होती व ज्याची कुशी गार होई तो उठून ओंडका पुढे सरकवी. रात्रभर कोणी ना कोणी जागे होतेच. शहरांत कित्येक वर्षे या जिल्ह्याचे नाव केवळ चकमकींच्या बातम्यांतून ऐकू येई. त्या नावाच्या आड अशी घरे आहेत, जेथे पाहुण्याची जागा बांधतानाच राखून ठेविलेली असते. याचा अर्थ येथे सर्व सुखच आहे असा कोणी करू नये. दवाखाना दूर, अंगावर वस्त्र थोडे, आणि शेकोटीचा धूर डोळ्यांस व छातीस त्रास देतो. आमच्या डोळ्यांस तर तो दुसऱ्या दिवशीही चुरचुरत होता.

परतीच्या वाटेवर आरमोरीमार्गे आम्ही देसाईगंजास, म्हणजे वडशास, आलो. खऱ्या अर्थाने हिवाळी फिरते बिऱ्हाड पाहावयाचे असेल तर ते येथे. धान कापून मळणी झाली की, दिवाळीपासून होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम चालतो, आणि वडसा हे नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे होय. आज या गावी, उद्या त्या गावी असा त्यांचा क्रम. पडदे, दिवे, वाद्ये व नटनटी गाड्यांत घालून मंडळी संध्याकाळी निघते, रात्रभर नाटक करते आणि उजाडता गाडीतच डुलकी घेत पुढच्या मुक्कामास लागते. या रंगभूमीवरील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले. गावात दिवसा बैलांचा शंकरपट व रात्री नाटक असेल तर घरोघर लेकीजावई व सोयरे येतात. कित्येक लग्नेही त्याच गर्दीत ठरतात.

वडशानजीकच्या एका गावी आम्ही असे नाटक पाहिले. रात्री दहानंतर पडदा उघडला. प्रेक्षक उघड्यावर, जमिनीवर, पोती व चटया अंथरून बसलेले. आम्हांस पाहुणे म्हणून खुर्च्या मिळाल्या; पण आमचे कुटुंब थोड्याच वेळात खाली बायकांत जाऊन बसले. मध्यरात्री दव पडू लागले तेव्हा आम्ही गाडीत जाऊन निजण्याविषयी त्यांस विचारावयास गेलो. पाहतो तो दोन अनोळखी बायांच्या मध्ये ते बसलेले, तिघींवर मिळून एकच घोंगडी, आणि रंगभूमीवरील दुष्ट सावकारास तिघीही एका सुरात शिव्या देत होत्या. पहाटे नाटक संपल्यावर गाडीकडे येताना ते म्हणाले, “तिकडे मुलाच्या घरी ऊब देणारे यंत्र असेल, दोन दोन घोंगड्या असतील. पण घोंगडीचे दुसरे टोक धरावयास कोण असेल?” मार्कंड्याच्या वाळवंटावर जो प्रश्न अनुत्तरित राहिला होता त्याचे उत्तर त्यांनीच दिले.

ज्यांस अशा प्रवासास निघावयाचे असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे लिहितो. मार्गशीर्षाच्या मध्यापासून माघाच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. फाल्गुनानंतर चंद्रपूरचे ऊन माणसास भाजून काढते. गाडीत काचा लावून घेऊन कोळशाची शेगडी मुळीच पेटती ठेवू नये. तिच्यातून निघणारा विषारी वायू वासावरून कळत नाही आणि झोपेतच प्राण घेतो. शेक घ्यावयाचा तो बाहेर, आणि निजताना दोन काचा बोटभर उघड्या ठेवाव्या. बाजेच्या फळ्यांखालून थंडी येते, म्हणून अंगावर एक पांघरूण कमी असले तरी चालेल, पण गादीखाली जाड सतरंजी हवीच. पिण्याचे पाणी, औषधे व टॉर्च हाताशी असावी. मुक्कामास दिवस असतानाच पोचावे, सरपंच, शिक्षक अथवा घरमालक यांस विचारूनच गाडी उभी करावी, आणि रात्री एकट्याने वस्तीबाहेर जाऊ नये. भेट म्हणून पैसे देऊ केले असता पुष्कळ जण रागावतात. तिळगुळाचा डबा मात्र सर्वत्र चालतो.

बारा दिवसांनी, संक्रांतीच्या तोंडावर, आम्ही नागपुरास परतलो. ज्या वसाहतीत आम्ही राहतो तेथे दोन दारांमधील अंतर दहा हातांचे आहे. पण शेजारी कोण आजारी आहे हे आम्हांस दूधवाल्याकडून कळते. म्हणजे १५० मीटरचा तो कायदा नॉर्वेने कागदावर लिहिला व आपण शहरांत तो न लिहिता पाळू लागलो आहो. मुलास आम्ही कळविले आहे की, घर विकावयाचे नाही. ज्येष्ठात दोन महिने तिकडे येऊ, मध्यरात्रीचा सूर्य पाहू, नातवंडांस रामरक्षा शिकवू. पण थंडीच्या दिवसांत आमचा मुक्काम इकडेच राहील. पुढील पौषात त्यानेच सुटी काढून यावे, आणि येताना खिळ्यांचे टायर आणू नयेत. वाटाड्याच्या आईची घोंगडी परत करावयाची राहिली आहे. निघताना तिने ती घेतली नाही, ‘पुढच्या साली आना,’ एवढेच म्हणाली. संक्रांतीच्या दिवशी आम्ही तिळगुळ घेऊन वसाहतीतील चौदाही दारांशी जाऊन आलो. त्यांपैकी पाच घरांतील माणसांची नावे आम्हांस त्या दिवशी प्रथमच कळली.